स्कूबाचे साहित्य घरपोच मागवावे की डायव्ह सेंटरमधून घ्यावे? मराठवाड्यातून पाहता

नाथसागरकाठ (धागाकर्ता), पैठण

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तरीही तारकर्ली-मालवण, मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट, गोव्याचे ग्रँड आयलंड किंवा अंदमानातील स्वराज द्वीप येथे जाऊन स्कूबाचा रीतसर अभ्यासक्रम पूर्ण केलेली मंडळी आता आपल्या भागातही भेटू लागली आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांना प्रमाणपत्र हाती पडल्यावर एकच प्रश्न पडतो: भाड्याच्या साहित्यावर किती दिवस काढायचे, आणि स्वतःचे घ्यायचे तर कुठून घ्यायचे?

‘स्थानिक दुकानाला आधार द्या’ हा सल्ला मुंबई-पुण्याच्या माणसाला देणे सोपे आहे. आपल्यासाठी डायव्ह सेंटर म्हणजे ट्रॅव्हल्सने रात्रभराचा प्रवास. तेव्हा आपले स्थानिक दुकान नेमके कोणते, इथूनच वादाला सुरुवात होते.

माझे मत आधी मांडतो, मग आपण सर्वांनी त्याची चिरफाड करावी. कोणतीही वस्तू घेताना किमतीच्याही आधी ‘ही बिघडली तर उघडणार कोण?’ असे स्वतःला विचारावे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. सबमर्सिबल मोटर मोबाइलवर चार पैसे स्वस्त दिसली तरी तो ती मोंढ्यातल्या ओळखीच्या दुकानातूनच घेतो, कारण उसाला पाणी देण्याच्या ऐन वेळी मोटर जळाली तर त्याच दुकानाचा मिस्त्री विहिरीवर येणार असतो. पाण्याखाली श्वास ज्यावर अवलंबून आहे त्या यंत्राबाबत आपण निदान तेवढा तरी विचार करावा.

उदाहरणादाखल रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणारे यंत्र, पाहा. भरलेल्या टाकीतला दाब २०० बारच्या (बार हे दाबाचे माप) आसपास असतो. पहिला टप्पा तो उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त इतक्यावर आणतो, आणि तोंडात धरायचा दुसरा टप्पा आपण ओढू तेव्हा आणि ओढू तेवढीच हवा भोवतालच्या दाबाने देतो. कूस्तो आणि गान्याँ या दोघा फ्रेंच गृहस्थांनी १९४३ मध्ये मागणीनुसार हवा देणारे यंत्र पाण्यात उतरवले, तेव्हापासून यातले मूळ तत्त्व बदललेले नाही. आत एक बारीक सीट (झडप जिच्यावर टेकून बंद होते ती बैठक), काही ओ-रिंगा (रबरी कड्या), स्प्रिंग आणि पडदा एवढाच संसार असतो. त्या सीटवर खाच पडली की मधला दाब थांबायच्या जागी थांबत नाही, हळूहळू चढत राहतो, आणि शेवटी दुसरा टप्पा आपोआप हवा ओकू लागतो. हा दोष दिवाणखान्यात बसून दिसत नाही. दाबमापक जोडून, दोन-चार वेळा श्वास ओढून, मग काटा स्थिर राहतो की केसभर सरकतो हे मिनिटभर टक लावून पाहावे लागते. हे पाहणारा माणूस कुरिअरच्या खोक्यातून येत नाही.

उलटपक्षी डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजून डुबकीची मर्यादा दाखवणारे मनगटी यंत्र), टॉर्च, बूट, पाठपिशवी या वस्तू ऑनलाइन घेतल्याने काही बिघडते असे मला वाटत नाही. आपापली मते आणि अनुभव लिहावेत. किमतींची यादी मात्र टाकू नये, ती महिनाभरात शिळी होते.

मोंढा_नाका, छत्रपती संभाजीनगर

धागा चांगला आहे, पण मांडणी दुकानदारांच्या बाजूला झुकलेली वाटते, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

आपल्या देशात हा बाजार फार लहान आहे. दुकानात जाऊन आपण रेग्युलेटर मागितला तर बहुतेक वेळा तो फळीवर नसतोच. दुकानदार वितरकाकडे मागणी नोंदवतो, आगाऊ रक्कम घेतो आणि ‘येईल’ असे सांगतो. माझ्या बाबतीत एका विक्रेत्याने (नाव घेत नाही) आगाऊ रक्कम घेतली आणि महिनोन्‌महिने फोनवर ‘माल निघाला आहे’ एवढेच ऐकवले. शेवटी माल आला तेव्हा हंगाम संपला होता. संकेतस्थळावर निदान साठ्यात आहे की नाही हे स्पष्ट दिसते, खोके कुठपर्यंत आले ते कळते आणि न पटल्यास परत पाठवता येते. दुकानदाराने माझ्याच पैशांवर माल मागवायचा आणि मधल्या मध्ये नफा ठेवायचा, याला मी आधार देणे म्हणत नाही.

डायव्ह कॉम्प्युटरबाबत धागाकर्त्यांशी सहमत आहे. त्याला उघडायचे काम फक्त बॅटरी बदलताना पडते. माहितीपुस्तक बारकाईने वाचणाऱ्या माणसाला त्यासाठी दुकानाची गरज नाही.

मांजराकाठची, लातूर

मोंढा_नाका दादांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्यात मी एक भर घालते, जी पुरुष सभासदांच्या सहसा लक्षात येत नाही.

भाड्याचे साहित्य हे सरासरी पुरुषाच्या मापाने ठेवलेले असते. बीसीडी (टाकी अडकवायचे, हवा भरून तरंगणे सांभाळणारे जॅकेट) माझ्या खांद्यांवरून घसरतो, कमरेचा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढूनही सैल राहतो आणि मग पाण्यात टाकी पाठीवर डावी-उजवीकडे कलंडत राहते. वेटसूट छातीत आवळतो आणि कमरेत पाण्याने फुगतो. सूट अंगाला चिकटून असला तरच आतला पाण्याचा पातळ थर ऊब धरतो. तो सैल असला की गार पाणी सतत आत-बाहेर करते आणि ३ मिलिमीटरचा सूट असून नसल्यासारखा होतो. एका सेंटरमध्ये मी बायकांच्या मापाचा बीसीडी विचारला तेव्हा ‘ताई, एवढ्याशा वेळासाठी काय करायचा?’ असे उत्तर मिळाले. ज्या दुकानात माझ्या मापाची वस्तूच नाही त्याला मी आधार कसा द्यावा?

म्हणून बीसीडी आणि सूट मी ऑनलाइन घेतले. छाती, कमर, नितंब, उंची आणि वजन अशी पाचही मापे शिंप्याकडून घेतली आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहिली. आपल्या नेहमीच्या कपड्यांच्या मापावरून सूट मागवू नये, कारण त्या ‘एम’ आणि ‘एल’चा इथल्या ‘एम’ आणि ‘एल’शी काही संबंध नसतो.

रेग्युलेटर मात्र मी सेंटरमधूनच घेतला, आणि तो जास्त पैसे देऊन घेतला.

बालाघाटी, मूळ बीड, सध्या मालवण

मी बीडचा, पण पोटापाण्यासाठी मालवणात आहे आणि डायव्हमास्टर (डायव्हरांना पाण्याखाली घेऊन जाणारा वाटाड्या) म्हणून काम करतो. दुकान माझे नाही, त्यामुळे माझा त्यात थेट फायदा नाही. तरीही काउंटरच्या आतल्या बाजूने गोष्टी कशा दिसतात ते लिहितो.

प्रथम ताईंची तक्रार मान्य करतो. इथले अर्थकारण पर्यटकांच्या पहिल्या, अर्ध्या-पाऊण तासाच्या अनुभवावर चालते. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे आणि तिथे पद्धतशीर अभ्यासक्रम होतात. पण किनाऱ्यावरची गर्दी असते ती फोटो काढून परत जाणाऱ्यांची. त्या गर्दीसाठी टिकाऊ, सर्वांना कसेबसे बसेल असे साहित्य ठेवले जाते. साहित्य विकणे हा इथे जोडधंदा आहे, आणि जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला असल्याने तोही थंडावतो. अशा दुकानदाराने बायकांच्या तीन मापांचे बीसीडी वर्षभर फळीवर ठेवून भांडवल अडकवावे ही अपेक्षा रास्त असली, तरी ती का पूर्ण होत नाही ते यावरून कळेल.

आता मास्कबद्दल, कारण ऑनलाइन खरेदीत सर्वांत जास्त निराशा मी त्यातच पाहतो. मास्क ही चेहऱ्याची वस्तू आहे आणि चेहरा कुरिअरने पाठवता येत नाही. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर हलकेच टेकवावा, केस आत अडकू देऊ नयेत, नाकाने थोडा श्वास ओढावा आणि हात सोडावा. श्वास रोखून धरेपर्यंत मास्क जागेवर राहिला तर तो तुमचा. खाली घसरला तर तो कितीही महागडा आणि कितीही तारे मिळालेला असला तरी तुमचा नाही. दुकानात या पद्धतीने पाच-सहा मास्क लावून पाहण्यास पंधरा मिनिटे पुरतात. आपल्या मराठवाड्याच्या मंडळींची एक खास अडचण म्हणजे भरघोस मिशा. नाकाखालची कड मिशीवर बसली की तिथून पाणी झिरपते, आणि माणूस दोष मास्कला देतो. नाकाला लागून वरची दोन-तीन मिलिमीटर मिशी कातरली तर बहुतेक वेळा भागते. (हे सांगताना मला आमच्या मामांच्या नजरेला नजर देता आली नव्हती, तो भाग वेगळा.)

चष्मेवाल्यांनीही मास्क प्रत्यक्ष पाहून घ्यावा. ठरावीक नंबरच्या तयार काचा बसवता येतात असे मास्क मिळतात, परंतु सिलिंड्रिकल नंबर असेल तर त्या काचा कितपत चालतील हे डोळ्याला लावूनच ठरवावे लागते.

मला खरा राग येतो तो दुकानात तासभर बसून सगळे मास्क लावून पाहायचे, नेमका क्रमांक मोबाइलमध्ये टिपून घ्यायचा आणि दुकानाच्या पायरीवरूनच ऑनलाइन मागणी नोंदवायची, या प्रकाराचा. पैसे वाचवण्याला माझी हरकत नाही. पण त्या तासाची मजुरी कोणीतरी दिलेली असते.

परळीकर, परळी वैजनाथ

सर्वांचे प्रतिसाद वाचतो आहे. मी प्रमाणपत्रधारक नाही, परंतु लहानपणापासून विहिरीत पोहतो. ऑनलाइन अर्ध्या लिटरची छोटी टाकी, सोबत हातपंप आणि तोंडात धरायची नळी असा संच दिसतो. विहिरीत पडलेली मोटर, दोर किंवा भांडी काढण्यासाठी तो आमच्या गावातल्या मुलांना घेऊन द्यावा असा विचार आहे. कोणी वापरला आहे का?

निवृत्त_अग्निशामक, नांदेड

परळीकर, हा विचार आजच्या आज सोडून द्यावा, अशी वडीलकीच्या नात्याने विनंती करतो. नोकरीच्या काळात विहिरीतून आणि गोदापात्रातून माणसे काढण्याचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हिशोब साधा आहे. अर्ध्या लिटरची टाकी २०० बारपर्यंत भरली तर तिच्यात १०० लिटर हवा मावते. शांतपणे काम करणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला १५ ते २० लिटर हवा वापरतो. १० मीटर खोलीवर भोवतालचा दाब दुप्पट होतो, म्हणून तिथे तोच श्वास ३० ते ४० लिटरचा होतो. म्हणजे १०० लिटर हवा अडीच-तीन मिनिटांची, आणि चिखलात चाचपडत, दोरात पाय अडकलेल्या, घाबरलेल्या मुलासाठी ती मिनिटभराचीही ठरणार नाही. डायव्हर वापरतात ती नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी साधारण ११ लिटरची असते आणि तिच्यात दोन हजार लिटरहून अधिक हवा असते. दोन्ही वस्तूंना ‘टाकी’च म्हणतात, यामुळेच फसगत होते.

त्याहून मोठा धोका हवा संपण्याच्या क्षणी आहे. विहिरीत सूर मारणारा मुलगा वरून छातीत भरून नेलेली हवा घेऊन खाली जातो. ती खाली आवळली जाते आणि वर येताना मूळ आकारावर येते, त्यामुळे श्वास रोखून वर येण्याची त्याची सवय त्याला कधी नडलेली नसते. टाकीतून खाली श्वास घेतलेल्या माणसाने तसेच केले तर १० मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. पट्टीचा पोहणाराच यात आधी सापडतो, कारण श्वास रोखण्यात त्याचा हातखंडा असतो. स्कूबाच्या वर्गात पहिल्याच दिवशी ‘श्वास कधीही रोखू नका’ हे बजावतात ते याचसाठी. संकेतस्थळावरच्या खरेदीच्या बटणाला हे बजावता येत नाही.

शिवाय विहिरीत मोटरची केबल असते. पाण्यात उतरण्यापूर्वी वीज खांबावरून बंद केली आहे का, आणि ती बंद ठेवण्यासाठी तिथे माणूस उभा केला आहे का, हे टाकीपेक्षा आधी पाहायचे असते. पडलेली मोटर गळ टाकून आणि चेनकप्पीने निघते. त्यासाठी कोणाला आत श्वास घ्यायला लावू नये.

बालाघाटी

काकांच्या प्रतिसादाला जोड देतो. हवेच्या दाबाखालच्या टाक्या आपल्या देशात २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात, आणि त्यांना मान्यता देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. टाकी आयात करणे, बाळगणे आणि भरणे या गोष्टी तिच्या नियमांत बसाव्या लागतात. परदेशी संकेतस्थळावरून मागवलेल्या टाकीवर योग्य शिक्के नसतील तर कोणतेही जबाबदार सेंटर ती भरणार नाही. ठरावीक मुदतीने टाकीची पाण्याच्या दाबाखाली चाचणीही करावी लागते. हातपंपाने भरलेल्या हवेबद्दल तर बोलूच नये. आमच्या कंप्रेसरला ओलावा आणि तेलाची वाफ शोषणारे फिल्टर असतात, ते वेळेवर बदलावे लागतात, आणि हवा आत ओढणारी नळी जनरेटरच्या धुरापासून दूर ठेवावी लागते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

म्हणून टाकी हा विषय या चर्चेतून वगळावा असे सुचवतो. मराठवाड्यातल्या माणसाने टाकी विकत घेऊच नये. ती भाड्याने घ्यावी, आणि त्या भाड्यात कंप्रेसरची देखभाल धरलेली असते हे लक्षात ठेवून पाच-पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नये.

परळीकर

सर्वांचे आभार. संच मागवणार नाही. मुलांनाही हा धागा वाचायला देतो.

मोंढा_नाका

टाकीबद्दल वाद नाही. रेग्युलेटरकडे पुन्हा येतो, कारण तिथे माझे अजून समाधान झालेले नाही.

नामांकित कंपनीचा रेग्युलेटर परदेशी संकेतस्थळावरून घेतला काय किंवा मालवणातून घेतला काय, तो एकाच कारखान्यात बनलेला असतो. सर्व्हिसिंगचे पैसे मी वेगळे देणारच आहे. मग खरेदीही तिथूनच करण्याचे बंधन कशासाठी?

नाथसागरकाठ (धागाकर्ता)

प्रश्न नेमका आहे. बंधन नाही, परंतु मागवण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः तपासाव्या लागतात, ज्या दुकानदार आपल्यासाठी तपासतो.

अनेक कंपन्यांची हमी अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या मालालाच लागू होते, आणि तीही ठरलेल्या मुदतीत सर्व्हिसिंग झाल्याची नोंद असेल तरच. कंपनीनुसार ही मुदत वर्षाची किंवा दोन वर्षांची असते. सर्व्हिसिंग म्हणजे धुऊन-पुसून देणे नाही. पूर्ण यंत्र खोलायचे, सुटे भाग अल्ट्रासोनिक टाकीत स्वच्छ करायचे, ओ-रिंगा आणि सीट नव्या घालायच्या आणि मग दाब पुन्हा जुळवायचा. त्या नव्या ओ-रिंगा आणि सीट त्या-त्या कंपनीच्या, त्या-त्या मॉडेलच्या लागतात, आणि कंपन्या त्या प्रशिक्षित तंत्रज्ञालाच देतात. परदेशातून स्वस्तात आलेल्या मॉडेलचे सुटे भाग आपल्या देशातल्या एकाही तंत्रज्ञाकडे नसतील तर वर्षभरात तो रेग्युलेटर शोकेसमध्ये ठेवण्याची वस्तू होतो. म्हणून क्रम उलटा असावा: आधी सर्व्हिसिंग करणारा माणूस नक्की करावा, त्याला कोणकोणत्या कंपन्यांचे भाग मिळतात ते विचारावे, आणि मग त्यातला रेग्युलेटर जिथे परवडेल तिथून घ्यावा.

दुसरे म्हणजे टाकीला जोडण्याची पद्धत. आपल्याकडच्या सेंटरमध्ये बहुतांशी चिमट्यासारखी योक जोडणी चालते, तर युरोपातल्या विक्रेत्याकडून येणारा रेग्युलेटर अनेकदा आट्यांच्या डिन जोडणीचा असतो. अडॅप्टर मिळतो, पण त्यामुळे पहिला टप्पा मागे सरकतो आणि डोके टेकवताना लागतो. युरोपीय मानकाचा ‘ईएन २५०’ हा शिक्का आहे का तेही पाहावे. नावगाव नसलेल्या अतिस्वस्त रेग्युलेटरवर तो नसेल, किंवा असला तरी त्यामागे कोण उभे आहे हे कळणार नाही. शिवाय परदेशी पार्सलवर सीमाशुल्क लागते आणि ते संकेतस्थळावरच्या किमतीत बहुधा धरलेले नसते. ते धरून हिशोब केला की वाटणारी बचत पुष्कळदा आकसते.

आता जी गोष्ट मला धाग्याच्या सुरुवातीलाच लिहायला हवी होती ती लिहितो, कारण ती खास आपल्या भागाची आहे आणि कोणत्याही उत्पादनाच्या पानावर सापडत नाही.

नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, पूर्ण भरतो तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर असते. स्कूबाच्या शिक्षणात ३०० मीटरच्या वरचे पाणी उंचीवरचे समजून चालतात, कारण वर हवेचा दाब कमी असल्याने तेवढ्याच खोलीच्या डुबकीतून बाहेर येताना दाबातला फरक प्रमाणाने अधिक पडतो आणि किती खोलीवर किती वेळ राहावे याचे तक्ते बदलतात. काही कॉम्प्युटर हा फरक आपोआप ओळखतात. काहींमध्ये ० ते ३०० मीटर, ३०० ते १५०० मीटर असे टप्पे हाताने निवडावे लागतात. ऑनलाइन घेतलेला कॉम्प्युटर खोक्यातून काढून थेट मनगटावर बांधणाऱ्याला हे कोण सांगणार? (जायकवाडी हे पक्षी अभयारण्य आहे आणि धरणही, तेव्हा परवानगीशिवाय तिथे कोणी उतरू नये. पण आपल्या बहुतेक विहिरी आणि तलावही ३०० मीटरच्या वरच आहेत.) गोड्या पाण्यात खाली जाण्यासाठी कमरेला बांधायचे शिशाचे वजनही कमी लागते. समुद्रात जुळलेला पट्टा तसाच बांधून तलावात उतरलेला माणूस दोन-तीन किलोने जड असतो.

परतीचा प्रवास तर प्रत्येकालाच लागू आहे. मालवणातून लातूर, बीड किंवा संभाजीनगरकडे येताना घाट चढावाच लागतो, आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. डुबकीत अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे उंचावरच्या कमी दाबात बुडबुडे होऊ शकतात, म्हणून डुबकीनंतर विमानात बसण्याबाबत डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या सूचना आहेत: एकाच डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास थांबावे. त्या सूचना २००० फुटांपासून पुढच्या उंचीला धरून आहेत, आणि आंबोली त्या रेषेच्या किंचित वर येते. आपली मंडळी दुपारी शेवटची डुबकी मारून, मासे खाऊन, संध्याकाळी गाडीला लागतात आणि तीन तासांत घाटमाथ्यावर असतात. विमानाने जाणारा निदान तारखा मोजतो, गाडीने जाणाऱ्याच्या हे गावीही नसते. मला हे एका इन्स्ट्रक्टरने सांगितले, त्याच्या दुकानात फिन्सचे (पोहताना पायात घालायच्या रबरी पंखांचे) पट्टे घेत असताना, आणि त्याचे त्याने काही पैसे लावले नाहीत.

मोंढा_नाका

घाटाचा मुद्दा मला खरोखर ठाऊक नव्हता. शेवटची डुबकी आदल्या दिवशी सकाळी उरकून दुसऱ्या दिवशी निघावे, हे पुढच्या सहलीच्या आखणीतच घालतो. रेग्युलेटरबाबत ‘आधी तंत्रज्ञ, मग मॉडेल’ हा क्रम मान्य. विक्रेत्याच्या दिरंगाईबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे. आगाऊ रकमेची पावती आणि माल देण्याची तारीख लेखी घेतल्याशिवाय मी यापुढे कोणालाही पैसे देणार नाही, आणि इतरांनीही देऊ नयेत.

बालाघाटी

लेखी तारीख जरूर मागावी. जो दुकानदार ती देत नाही त्याच्याकडे साठा नाही असे समजावे.

मांजराकाठची

देखभालीबद्दल कोणी फारसे लिहिले नाही, म्हणून थोडे लिहिते. समुद्रातून आलेले साहित्य गोड्या पाण्यात भिजवा असे सर्व जण सांगतात, परंतु आमच्या लातूरच्या बोअरचे पाणी इतके जड आहे की बादलीच्या कडेला पांढरी पुटे चढतात. त्यात भिजवलेल्या रेग्युलेटरवर मिठाऐवजी चुना बसतो. मी शेवटचे पाणी आरओचे किंवा साठवलेले पावसाचे वापरते. भिजवताना पहिल्या टप्प्याचे टोपण घट्ट लावावे आणि दुसऱ्या टप्प्याचे बटण दाबू नये, नाहीतर पाणी नळीतून थेट आत जाते. उन्हाळ्यात पत्र्याच्या माळ्यावर साहित्य ठेवू नये. एप्रिल-मेच्या उष्णतेत सूटचे फेसाळ रबर (निओप्रीन) कडक होते आणि चिकटवलेले सांधे सुटतात. मास्कही काळ्या रबराच्या फिन्सना चिकटून ठेवू नये, पारदर्शक सिलिकॉनवर डाग चढतात.

आणखी एक सुचवायचे आहे. पावसाळ्यात सेंटर बंद असतात आणि तंत्रज्ञांना त्याच वेळी सवड असते. आपण लातूर, नांदेड, संभाजीनगर आणि बीडची मंडळी आपापले रेग्युलेटर एकत्र करून जूनमध्ये एकाच पार्सलने पाठवले तर कुरिअरचा खर्च वाटला जाईल, आणि इतकी यंत्रे एकदम आल्यावर तंत्रज्ञालाही सुटे भाग आधी मागवून ठेवणे परवडेल.

नाथसागरकाठ (धागाकर्ता)

उत्तम सूचना. ज्यांना सामील व्हायचे आहे त्यांनी कंपनी, मॉडेल, जोडणी योक की डिन, आणि मागच्या सर्व्हिसिंगचे वर्ष एवढे मला निरोपातून कळवावे. अनुक्रमांक इथे जाहीर लिहू नये. ज्यांनी परदेशातून घेतले आहेत त्यांनीही कळवावे, भाग मिळतात का ते आधी विचारून घेतो. नळ्या आणि दाबमापक पहिल्या टप्प्यापासून सोडवू नयेत, संच आहे तसा पाठवावा.

निवृत्त_अग्निशामक

नांदेडच्या मंडळींचे साहित्य माझ्या घरी जमा करता येईल. मे अखेरपर्यंत आणून द्यावे, आणि येताना प्रत्येकाने आपल्या पिशवीवर नाव लिहिलेले असावे.